न वेचता घेतलेले दाणे

जूनच्या शेवटच्या आठवड्यात बियाणे तपासणी प्रयोगशाळेत येणारा शेतकरी बहुतेक वेळा तक्रारीचा अर्ज घेऊन येतो. हा मात्र मोटरसायकलच्या कॅरिअरला गोणपाटाची गुंडाळी बांधून आला होता. माझ्या टेबलावर त्यानं ती उलगडली. आत दहा-दहाच्या ओळी. मोड येऊन वाळलेले सोयाबीनचे दाणे अजून तागाच्या धाग्यांना चिकटून होते. “मोजा ताई,” तो म्हणाला. मी मोजले. १०० पैकी ८८ उगवलेले.

“आन् रानात निम्मंबी वर आलं नाही.”

गावात सांगितलं जातं तसं त्यानं सगळं केलं होतं. घरचंच बियाणं होतं, आदल्या हंगामात राखून ठेवलेलं. गोणपाट भिजवलं, १०० दाणे मांडले, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी सावलीत, रोज पाण्याचा शिपका, सातव्या दिवशी मोजणी. ७० च्या वर उगवलं तर एकरी ३० किलो बिनधास्त पेरायचं, हा हिशेब त्याला पाठ होता. पेरलंही पुरेशा ओलीवर, तिफणीनं, फार खोल नाही. मी विचारलं, “शंभर दाणे काढले कुणी?”

“आईनं. तिचा हात बसलेला हाय. दाणा बघूनच सांगती.”

कारण तिथंच सापडलं, पण ते त्याला सांगणं मला जड गेलं. त्या माउलीनं आयुष्यभर केलं तेच याही वेळी केलं होतं. सुपात धान्य घेतलं की हात आपोआप खडा बाजूला काढतो, किडका दाणा बाजूला टाकतो. निवडणं, वेचणं हा आपल्या घरातल्या बायकांचा सर्वात मुरलेला हात. तिनं पोत्याच्या तोंडातून टपोरे, गोल, साल न तडकलेले १०० दाणे घेतले. त्या १०० दाण्यांनी खरंच सांगितलं की टपोऱ्या दाण्यांची उगवण चांगली आहे. पोत्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

मी त्याला घरी उरलेलं बियाणं पोत्यासकट आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आणून देऊन गेला. पोत्यात वर, मधे, तळाशी परखी (दाणे काढायची टोकदार पोकळ नळी) खुपसून नमुना काढला, ढवळला, अर्धा करत करत कमी केला आणि पुढ्यात येईल तो दाणा घेत १०० चे चार गट मोजले. आठव्या दिवशी आकडे आले : ६१, ६६, ५८, ६३. सरासरी ६२. हे त्याला मे महिन्यात कळलं असतं तर एकरी ३० ऐवजी ३४ किलो पेरून भागलं असतं. दुबार पेरणीची वेळ कदाचित आली नसती.

या खात्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. कॉलेजात संख्याशास्त्राच्या तासाला ‘यादृच्छिक नमुना’ हा शब्द मी पाठ केला होता आणि परीक्षेत त्याची व्याख्या लिहून गुणही मिळवले होते. समष्टीतल्या प्रत्येक घटकाला निवडलं जाण्याची ठरलेली संधी असणं, अशी काहीतरी ती व्याख्या होती. नोकरीत आल्यावर समजलं की ती संधी आपोआप मिळत नाही, मेहनतीनं द्यावी लागते. आणि ती न देण्याकडे सगळ्यांचाच कल असतो, अगदी पोत्याचासुद्धा. हो, पोत्याचासुद्धा. ट्रॅक्टरमध्ये, ट्रकमध्ये हादरे बसत पोतं गोदामात पोचेपर्यंत बारीक दाणे, डाळ झालेले तुकडे, माती खाली झिरपते आणि टपोरा दाणा वर येतो. पोत्याचं तोंड उघडून मूठभर घेणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याची मूठ प्रामाणिक नसते.

गोदामात तर आणखी अडचण. साठ पोत्यांची थप्पी लागलेली असते. भिंतीकडची, तळातली, मधली पोती काढायची म्हणजे हमालांना थप्पी उतरवावी लागते आणि पुन्हा लावावी लागते. दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात. “मॅडम, सगळं एकच माल हाय, या पुढच्या पाचातून घ्या की,” असं मी किती वेळा ऐकलं असेल! नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तसं घेतलंही. मग एका रात्री वहीत गणित मांडलं. साठांत समजा तीन पोती भिजून खराब झालेली आहेत. पाच पोती चिठ्ठ्या टाकून काढली तरी ती तिन्ही हुकण्याची शक्यता किती? ५५ गुणिले ५४ गुणिले ५३, भागिले ६० गुणिले ५९ गुणिले ५८. उत्तर आलं ०.७७. म्हणजे शंभरात सत्त्याहत्तर वेळा मला खराब पोत्याचा पत्ताच लागणार नाही. तीस पोत्यांतून परखी घातली तर तीच शक्यता ०.१२ वर येते. साठ किंवा जास्त पोत्यांच्या लॉटमधून किमान तीस ठिकाणचे प्राथमिक नमुने घ्या, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तोवर मला तो कारकुनी नियम वाटायचा. आणि हे गणितसुद्धा चिठ्ठ्या टाकल्या तर लागू. पुढची पाच घेतली तर नाहीच, कारण पावसाचं पाणी पुढच्या पोत्यांना लागत नाही, ते लागतं भिंतीकडच्या, छपराच्या गळतीखालच्या पोत्यांना.

त्यानंतर मी पोत्यांवर खडूनं आकडे टाकायला लागले आणि यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून जे आकडे येतील तीच पोती काढायला सांगायची. हमाल कुरकुर करायचे. त्यांचा राग मला पटायचाही, घाम त्यांचा होता. एकदा तक्त्यातून आलेलं ४७ नंबरचं पोतं अगदी तळाच्या कोपऱ्यात निघालं. वीस पोती उतरवून ते बाहेर काढलं तेव्हा त्याची खालची बाजू काळी पडली होती आणि परखीत बुरशीचा वास आला. वयस्क मुकादम वाकून वास घेत म्हणाला, “हे तर आमाला बी दिसलं नसतं.” पुढं त्या गोदामात मला कुणी ‘पुढच्या पाचातून घ्या’ म्हणालं नाही.

आता सत्तरबद्दल. सोयाबीनची प्रमाणित उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी असं आपलं मानक आहे. गहू आणि हरभऱ्याला ते ८५ टक्के आहे. सोयाबीनचं बी नाजूक, साल पातळ, मळणी यंत्राचे फेरे जरा वाढले किंवा पोतं दोन हात उंचीवरून आपटलं तरी अंकुराला इजा होते, म्हणून त्याला ही सूट. शेतकरी, विक्रेता, कंपनीचा माणूस, सगळे या सत्तरकडे भिंतीसारखं बघतात : अलीकडे खोटं, पलीकडे खरं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं.

समजा एखाद्या लॉटची खरी उगवण बरोबर ७० टक्के आहे. त्यातून न वेचता १०० दाणे घेतले, तर प्रत्येक दाणा म्हणजे एक नाणेफेक. फक्त नाणं सत्तर-तीस असं कललेलं. किती दाणे उगवतील हे द्विपद वितरण सांगतं. सरासरी ७०, आणि प्रमाण विचलन म्हणजे १०० गुणिले ०.७ गुणिले ०.३ याचं वर्गमूळ, २१ चं वर्गमूळ, साधारण ४.६. म्हणजे त्याच पोत्यातून पुन्हा पुन्हा १०० दाणे घेत राहिलात तर शंभरातल्या पंचाण्णव वेळा आकडा ६१ ते ७९ च्या दरम्यान पडेल. एका घरी ६३, शेजारच्या घरी ७७, आणि बियाणं एकाच लॉटचं! यात कुणीही खोटं बोलत नाही. ७० टक्क्यांच्या चांगल्या लॉटला १०० दाण्यांत ७० पेक्षा कमी मिळण्याची शक्यता पंचेचाळीस टक्के आहे.

म्हणून प्रयोगशाळेत १०० वर थांबत नाहीत. ४०० दाणे लावतात. दाणे चौपट केले की टक्केवारीतलं प्रमाण विचलन निम्मं होतं, ४.६ वरून २.३ वर येतं. कागदावर हे वर्गमूळ फार कोरडं दिसतं. पण त्यात कुणाचा किती पैसा आहे ते सांगते. खरी उगवण ७५ टक्के असलेला चांगला लॉट १०० दाण्यांच्या चाचणीत सत्तरखाली जाण्याची शक्यता सुमारे दहा टक्के, ४०० दाण्यांत २८० च्या खाली जाण्याची सुमारे एक टक्का. उलट बाजूनं, ६५ टक्क्यांचा वाईट लॉट १०० दाण्यांत सत्तर गाठून पास होण्याची शक्यता सतरा टक्के, ४०० दाण्यांत २८० गाठण्याची दोन टक्के. पहिल्या चुकीचा भुर्दंड बीजोत्पादकाला, दुसऱ्या चुकीचा पेरणाऱ्याला. बीजोत्पादक पुन्हा नमुना पाठवू शकतो. पेरणाऱ्याला पावसाळा पुन्हा मिळत नाही. माझ्या मते या दोन चुका सारख्या नाहीत, आणि चाचणी करणाऱ्यानं हे मनात ठेवूनच काम करावं.

एका लॉटचे ४०० पैकी २७६ आले, ६९ टक्के. लॉटचा मालक येऊन बसला. “एका टक्क्यासाठी?” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, भांडायला तो आला नव्हता. मी त्याच्यासमोर आकडे मांडले. खरी उगवण ७२ टक्के असतानाही ४०० दाण्यांत २८० पेक्षा कमी येण्याची शक्यता सतरा टक्के आहे; तेव्हा तुमचा लॉट वाईटच आहे असं मी म्हणत नाही. पण मी मोजलेला आकडा ६९ आहे आणि मला तोच लिहायचा आहे. तो गेल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. आकडा एकनं वाढवणं सोपं असतं. चार वाकडी रोपं ‘विकृत’मधून ‘सामान्य’मध्ये टाकली की झालं, आणि कुणाला कळतही नाही. पण एकदा तसं केलं की पुढच्या प्रत्येक गणिताचा पाया जातो, कारण ते गणित मोजणाऱ्याच्या हाताला दया येत नाही असं धरून चालतं.

४०० दाणे १०० च्या चार गटांत लावण्याचं कारण मात्र मला सर्वात उशिरा कळलं. चार गट एकमेकांवर पहारा ठेवतात. ७० च्या आसपास सरासरी असेल तर चार गटांतला सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा यांत १८ पर्यंत फरक चालतो, असा तक्ता आहे. हा १८ कुठून आला? ४.६ च्या साधारण चौपट. दैवानं एवढा फरक पडू शकतो, त्याहून जास्त पडला तर शंभरात दोन-तीन वेळाच दैवावर ढकलता येईल. एकदा ७८, ७४, ७१ आणि ४९ आले. सरासरी ६८, लॉट नापास. पण फरक २९. मी निकाल थांबवला. चौथी कागदाची गुंडाळी हाताला जड लागत होती. ती भिजवून निथळायचीच राहिली होती. कोरडं सोयाबीन एकदम पाण्यात पडलं की भसाभस पाणी ओढतं आणि आतून फुटतं. वाळूत नव्यानं चाचणी लावली, सरासरी ७५ आली. तक्ता नसता तर आमच्या चुकीपायी एक चांगला लॉट गेला असता.

उलटंही घडलं. एका हंगामात नवीन मुलगा मोजणीला होता. दिवसाला साठ-साठ नमुने, गुंडाळ्याच गुंडाळ्या, चिमट्यानं रोप उचलून मूळ बघायचं, पानं बघायची. त्याच्या वहीत आकडे दिसायला लागले : ७१, ७१, ७०, ७२. पुढच्या नमुन्यात ७६, ७५, ७६, ७५. फार सुरेख. एखाद्या नमुन्यात इतका कमी फरक दैवानं येऊ शकतो, माझ्या हिशेबानं शंभरात दोनेक वेळा. सलग तीन आठवडे रोज येऊ शकत नाही. पहिली गुंडाळी मोजून बाकीच्या तीन तो अंदाजानं भरत होता. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये मेंडेलच्या वाटाण्याच्या आकड्यांबद्दल हीच शंका मांडली होती, की ते अपेक्षेच्या फारच जवळ आहेत. मी त्या मुलावर ओरडले नाही. शेजारी बसून दोघांनी एका नव्या नमुन्याच्या चारही गुंडाळ्या मोजल्या : ६६, ७५, ७०, ७९. तो म्हणाला, “मॅडम, हे चुकल्यासारखं दिसतं.” मी म्हटलं, “खरं असंच दिसतं.” तो मुलगा पुढं आमच्याकडचा सर्वात भरवशाचा मोजणीदार झाला. साठ नमुने एका माणसाला देणं ही खरी चूक होती आणि ती आम्हा वरच्यांची होती.

दुर्मीळ गोष्टींचं गणित वेगळं. गव्हात चांदवेलीचं बी शोधायचं असतं. उत्तरेत तिला हिरनखुरी म्हणतात. एका किलोत गव्हाचे पंचवीस हजारांच्या घरात दाणे, त्यात वेलीच्या दोन बिया. तिथं पॉयसाँचं वितरण लागू पडतं. सरासरी किलोमागे दोन बिया असल्या, तरी हाती आलेल्या किलोत एकही न सापडण्याची शक्यता साडेतेरा टक्के आहे. तेव्हा ‘आढळलं नाही’ असं आम्ही लिहितो. ‘नाही’ असं कधीच लिहीत नाही.

या सगळ्या विचाराला मराठी मातीतला एक मोठा माणूस लाभला, हे फार कमी शेतकऱ्यांना माहीत असतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले. फर्ग्युसन कॉलेजात शिकून लंडनला गेले, परत येऊन भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करताना पिकाचं उत्पन्न यादृच्छिक नमुन्यानं मोजायची पद्धत देशात रुजवली. नमुना सर्वेक्षणावरचं त्यांचं पुस्तक १९५४ सालचं. पीक कापणी प्रयोगात आज शेतातला ठरावीक मापाचा तुकडा यादृच्छिक आकड्यांनी निवडून कापतात आणि त्यावर पीक विम्याची भरपाई ठरते. तिथंही प्रश्न तोच असतो. आकड्यानं दाखवलेल्या तुकड्यात पीक विरळ निघालं की बांधावरचा कुणीतरी म्हणतो, “दोन पावलं पुढं सरका, तिथं बरं आहे.” आणि भरपाईच्या वर्षी दुसरा कुणी म्हणतो, मागं सरका. दोन्ही पावलं सारखीच चुकीची.

२०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं उभं सोयाबीन भिजलं आणि २०२० च्या खरिपात उगवणीच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. त्या दिवसांत गोणपाट घेऊन येणारे वाढले. प्रत्येकाला मी तोच प्रश्न विचारायची, दाणे कुणी आणि कसे काढले. बहुतेकांनी घरच्या जाणत्या माणसाचं नाव सांगितलं.

तो मोटरसायकलवाला पुढच्या मे महिन्यात परत आला. या वेळी चार गोणपाटं. ७४, ६९, ७७, ७२. आईनं ओळी मांडल्या होत्या, दाणे मात्र त्यानं काढले होते, प्रत्येक पोत्याच्या तीन थरांतून, एका घमेल्यात कालवून. तडकलेला दाणा आला तर आई हात पुढं करायची आणि तो म्हणायचा, राहू दे. चारही आकड्यांची सरासरी ७३. त्यानं ३० किलोनं पेरलं.

मी आता निवृत्त झाले आहे, पण मे महिना आला की ओळखीच्या प्रत्येक घरी एवढं एक सांगते, आणि इथंही सांगते. घरचं बियाणं वापरणार असाल तर एका गोणपाटावर थांबू नका, चार लावा. प्रत्येक पोत्यातून वरचं, मधलं, तळाचं थोडं थोडं घ्या, ताडपत्रीवर ओतून खालीवर करा, आणि एका कडेनं येईल तो दाणा उचला, तडकलेला असला, सुरकुतलेला असला तरी. चाळणी, निवड, बीजप्रक्रिया जे करायचं असेल ते आधी सगळ्या बियाण्याला करा. नमुना काढायला बसलात की कुणीही वेचू नका. चार आकड्यांत सात-आठचा फरक आला तर घाबरू नका, तो यायचाच. वीसच्या पुढं गेला तर पुन्हा लावा. आणि सरासरी ६२ आली तर ती ६२ च आहे असं धरून पेरा.